पाण्याची वाटणी आणि साधेपणाचा अर्थ : खानदेशातील फड पद्धतीच्या निमित्ताने

खानदेशच्या इतिहासाविषयी जे लिहिले गेले आहे त्यात फारुकी सुलतानांना जागा मिळाली, होळकर-शिंद्यांच्या स्वाऱ्यांना मिळाली, १८१८ नंतरच्या इंग्रजी अंमलालाही मिळाली. पाण्याला मात्र त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे. वस्तुतः या प्रदेशातील सामान्य माणसाच्या सुखदुःखाचा इतिहास लिहावयाचा तर तो पांझरा, कान, बुराई, गिरणा, वाघूर आणि तापी या नद्यांच्या काठानेच लिहावा लागेल. कोणाच्या शेताला पाणी मिळाले, कोणाला पाणवठ्यावर उभे राहू दिले गेले नाही, कोण दुष्काळात गाव सोडून गेला, या प्रश्नांची उत्तरे राजवंशांच्या वंशावळीत सापडत नाहीत.

अलीकडे पर्यावरणाचा ऱ्हास, साधनसंपत्तीचा तुटवडा आणि साधी राहणी या विषयांवर पुष्कळ बोलले जाते. माणसाने आपल्या गरजा कमी कराव्यात, पूर्वीचे लोक थोडक्यात समाधानी असत, खेडे स्वयंपूर्ण होते, असे त्या बोलण्याचे सामान्यतः स्वरूप असते. या उपदेशातील सर्वच त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागली, त्या समाजाला हा उपदेश तपासून घेण्याचा अधिकार आहे. हे तपासण्यासाठी खानदेशातील फड पद्धतीइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

सह्याद्रीचा पदर आणि सातपुडा यांच्यामधल्या या प्रदेशात सपाटीवर वर्षाला साधारणतः ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. धुळे आणि शिंदखेडा भागात तो बहुतेक वर्षी याच्या खालच्या टोकाला असतो. पश्चिमेकडे पिंपळनेरच्या बाजूला डोंगरावर मात्र पाऊस बरा असतो आणि तेथून उगम पावणारी पांझरा व तिला मिळणारी कान या नद्या ते पाणी कोरड्या पट्ट्यात घेऊन येतात. डोंगरात पडलेले पाणी नदीतून पुढे निघून जाण्यापूर्वी वळवून शेतात आणावयाचे, एवढीच या सिंचनाची मूळ कल्पना. ती तीनशे ते चारशे वर्षे जुनी असावी असे अभ्यासक मानतात. पांझरेप्रमाणेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवरही ही पद्धत रुजली होती. त्या दोन्ही गिरणेच्या खोऱ्यातील असल्याने तीही तापीचीच लेकरे होत.

नदीच्या पात्रात आडवा दगडी बंधारा बांधलेला असे. तो पाणी साठविण्यासाठी नव्हता, नदीच्या पाण्याची पातळी थोडी उचलून ते काठावरच्या कालव्यात वळविण्यासाठी होता. हा कालवा दोन ते बारा किलोमीटर लांबीचा असे. कालव्यातून चाऱ्या निघत, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग निघत, आणि जास्तीचे पाणी पुन्हा नदीकडे वाहून जावे म्हणून सांडम ठेवलेले असत. या पाण्याखाली येणारे क्षेत्र म्हणजे गावाचे कायम बागायत. त्याचे सामान्यतः चार भाग पाडलेले असत आणि अशा प्रत्येक भागास फड म्हणत. फडाचा आकार गावागणिक निराळा, कोठे दहा हेक्टर तर कोठे दोनशे हेक्टर. शंभर-सव्वाशे हेक्टरचा फड हा सर्वसाधारण म्हणता येईल.

या रचनेचा प्राण पुढच्या नियमात होता. एका फडात एकच पीक घ्यावयाचे. एका किंवा दोन फडांत ऊस असेल तर उरलेल्यांत हंगामी पिके, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवावयाचा हे गावाने बसून ठरवावयाचे. पुढील वर्षी फेरपालट. एखाद्या खातेदाराला वाटले म्हणून हंगामी पिकाच्या फडात त्याला ऊस लावता येत नसे. पाणी कितीही जवळून जात असले तरी आपल्या मनाप्रमाणे ते तोडून घेता येत नसे. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, पिकाच्या राखणीसाठी जागल्या, या दोघांवर देखरेखीसाठी हवालदार, आणि सर्वांच्या वर पंच, अशी व्यवस्था होती. या सेवकांचा मोबदला पिकातून, धान्याच्या रूपाने दिला जाई. कालव्यातील गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे ही सामाईक कामे होती.

बहुतेक खातेदारांच्या जमिनीचे तुकडे एकाहून अधिक फडांत विखुरलेले असत. त्यामुळे एखादा फड पडीक राहिला तरी त्याचा तोटा एकट्यादुकट्याच्या माथी पडत नसे आणि उसाच्या फडाचा लाभही मूठभरांपुरता मर्यादित राहत नसे. जमिनीच्या तुकडेबंदीची चर्चा करणाऱ्यांना हे विखुरलेपण केवळ मागासलेपण वाटत आले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला त्यात, शेत लहान की मोठे हे केवळ त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नसून त्याला मिळणाऱ्या श्रम, भांडवल इत्यादी अन्य साधनांच्या प्रमाणावरून ठरते, असे मांडले होते. पाणी हे असेच एक साधन होय. फड पद्धतीच्या अभ्यासकांनी हा निबंध जवळ ठेवून या शेतजमिनींकडे पाहावयास हवे. तसे झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

थोडक्यात, तुटवडा हा या व्यवस्थेत अपवाद नव्हता, तो गृहीत धरलेला होता. पाणी कमी पडणारच आहे, तेव्हा कमी पडेल त्या वर्षी कोणी काय सोडावयाचे हे आधीच ठरलेले असावे, हा तिच्यामागचा विचार. एकाच जागी सतत ऊस न घेतल्यामुळे जमीन चिबड होण्याचा व खारवण्याचाही धोका टळत असे. आज ज्याला शाश्वत सिंचन म्हणतात त्याचे बहुतेक गुण येथे होते. जलतज्ज्ञांनी या पद्धतीचे जे कौतुक केले आहे ते अस्थानी नाही.

परंतु कौतुक करणाऱ्यांनी न विचारलेला एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. फडातील समता ही कोणाकोणामधील समता होती?

पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला होता. ज्याची जमीन कायम बागायतात, तो फडाचा भागीदार. ज्याला जमीन नाही, किंवा ज्याची जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला, त्याचा पाण्यात वाटा नाही. महारांना गावकीच्या सेवेबद्दल मिळालेली हाडकी-हाडवळ्याची जमीन बहुधा कोरडवाहू असे. खानदेशात अनेक गावांत जागल्याचे काम भिल्लाकडे असे. म्हणजे जो रात्रभर जागून उसाची राखण करी, त्याचा त्या उसात हक्क नव्हता, त्याला मिळे ती राखणीची मजुरी. पिण्याच्या पाण्याची कथा तर सर्वांना ठाऊकच आहे. ज्या गावात शेतकरी परस्परांमध्ये इतक्या काटेकोर न्यायाने पाणी वाटून घेत होते, त्याच गावात पाणवठे जातीनुसार वेगळे होते. मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव संमत केला, तरी त्याची अंमलबजावणी झाली नाही म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. हा इतिहास आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सांगावयाचे ते इतकेच की, पाण्याचे उत्तम व्यवस्थापन आणि पाण्याचा अन्याय ही दोन्ही एकाच गावात सुखाने नांदू शकतात, हे फड पद्धतीच्या इतिहासातून दिसते.

येथे आम्हांस रोहिणी नदीचा कलह आठवतो. पाली अट्ठकथांनुसार कपिलवस्तूचे शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांमधून वाहणाऱ्या रोहिणीवर एकच बंधारा होता आणि दोघेही त्याच पाण्यावर शेती करीत. जेठ महिन्यात पिके माना टाकू लागली तेव्हा दोन्हीकडच्या शेतांत राबणाऱ्या दास-कामगारांत आधी पाणी कोणी घ्यावयाचे यावरून तंटा सुरू झाला. शिव्यागाळी जातीकुळावर गेली आणि पाहता पाहता क्षत्रिय शस्त्रे घेऊन नदीकाठी उभे राहिले. तथागतांनी तेथे जाऊन त्यांना विचारले की पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, आणि कलह शमविला, अशी ही कथा आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा कलह सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी जोडला, आणि त्यामुळे त्याचा अर्थच पालटला. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थ घर सोडून गेला ही परंपरागत कथा त्यांना बुद्धीला पटणारी वाटली नाही. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना पाण्यावरून दोन्ही बाजूंच्या सेवकांत मारामारी होते, शाक्य संघाचे अधिवेशन भरते, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, आणि सिद्धार्थ त्याला विरोध करतो. त्याची सूचना अशी की, दोन्ही बाजूंनी आपापले दोन प्रतिनिधी निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली जाते. कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्तीची वेळ येऊ नये म्हणून सिद्धार्थ परिव्राजक होऊन देश सोडण्याचा मार्ग पत्करतो. बुद्धाच्या जीवनातील या निर्णायक वळणावर बाबासाहेबांनी एक बंधारा, एक उन्हाळा आणि पाण्याची वाटणी उभी केली आहे. ज्यांनी महाडचे तळे पाहिले होते आणि पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे श्रममंत्री म्हणून देशाच्या जलनीतीची घडण केली होती, त्यांच्या हातून हे लिहिले गेले, हा योगायोग मानण्यास आम्ही तयार नाही.

पाच जणांची ही समिती आणि फडाचे पंच यांत वरवर साम्य दिसते. भेद असा की फडाचे पंच एकाच बाजूचे, म्हणजे जमीनधारकांचे, प्रतिनिधी होते. नदीच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी आहे हे त्या व्यवस्थेला दिसतच नव्हते.

आता साधेपणाकडे वळू. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन तत्कालीन पूर्व खानदेशातील फैजपूर या खेड्यात भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. बांबू, गवत अशा स्थानिक साधनांनी उभारलेल्या त्या नगराची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली होती. ग्रामजीवनाचा साधेपणा हा त्या अधिवेशनाचा दर्शनी भाग होता, आणि शेतीविषयक कार्यक्रमाचा ठरावही तेथे झाला. त्यानंतर सात महिन्यांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, बाबासाहेब धुळ्यास आले होते. लळिंग किल्ल्याजवळील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे हजारो लोक जमतात. याच वर्षी त्यांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. एकाच प्रदेशाच्या भूमीवर काही महिन्यांच्या अंतराने उमटलेल्या या दोन पाऊलखुणा आहेत, आणि खेडे म्हणजे काय याविषयीच्या दोन वेगळ्या उत्तरांकडे त्या नेतात.

‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची जी चिकित्सा केली तिचा रोख नेमका येथे आहे. यंत्रे टाकून निसर्गाकडे परत जाणे म्हणजे बहुसंख्य लोकांसाठी पुन्हा दैन्य, घाण आणि अहोरात्र श्रम. माणसाला विचार करण्याइतका अवकाश मिळावयाचा तर यंत्राचे साह्य हवेच, असे त्यांचे म्हणणे होते. १९५० साली ‘महाबोधी’ मासिकातील लेखात त्यांनी धर्माच्या ज्या कसोट्या सांगितल्या त्यांत, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य किंवा मोठेपणा देता कामा नये, ही एक कसोटी आहे. आपल्या नियतकालिकांत हे वचन वारंवार येते. तथापि त्याचा उपयोग कधीकधी असा केला जातो की, जणू उपभोगाला मर्यादा घालण्याचा विचारच धम्माला परका आहे. हे मात्र खरे नाही.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त पाहावे. आरंभी तांदूळ आपोआप उगवत होता, त्याला कोंडा नव्हता, संध्याकाळी कापला तर सकाळी पुन्हा वाढलेला असे. मग कोणा एका आळशी प्राण्याच्या मनात आले की दोन वेळा जाण्यापेक्षा एकदाच दोन वेळचा आणून ठेवावा. दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ. साठा सुरू झाला तसा तांदळाला कोंडा आला, कापलेली जागा रिकामी राहू लागली, शेतांना बांध पडले, चोरी आली, मारहाण आली, आणि शेवटी तंटे मिटविण्यासाठी लोकांनी आपल्यातून एकाला निवडले. ही कथा शब्दशः घेण्याची नाही, हे सांगणे नलगे. तिचे वैशिष्ट्य असे की, तुटवडा निसर्गाच्या कंजूषपणामुळे आला असे ती सांगत नाही. तो साठेबाजीतून आला असे सांगते. आणि त्याच निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त पुढची पायरी दाखविते : निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यामुळे चोरी वाढली. या दोन सुत्तांत गरिबाला गरजा कमी करण्याचा उपदेश कोठेही नाही.

गरजा कमी करण्याचा नियम आहे तो भिक्खूंसाठी, आणि तो त्यांनी स्वेच्छेने घेतलेला आहे. विनयात भिक्खूंना जमीन खणण्यास, झाडे-वनस्पती तोडण्यास, जिवंत प्राणी असलेले पाणी वापरण्यास, पाण्यात थुंकण्यास किंवा मलमूत्र करण्यास मनाई आहे. वर्षावासाची प्रथाही पावसाळ्यात भटकणारे श्रमण कोवळे गवत आणि लहान जीव तुडवितात या लोकांच्या तक्रारीवरून सुरू झाली. चुल्लवग्गातील आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद तर आज प्रत्येक विहारात सांगितला जावा इतका मार्मिक आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाने विचारले, एवढ्यांचे काय करणार? ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देणार. जुन्या चीवरांचे काय? त्यांचे अंथरुणावरचे आच्छादन होईल. त्यानंतर गादीची खोळ, त्यानंतर जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके, आणि अखेरीस त्या चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन सारवावयाची. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली, हा शेवट विसरता कामा नये. काटकसर येथे देणाऱ्याचा हात आखडण्याचे निमित्त ठरलेली नाही. (आमच्या काही विवाहसमारंभांत आणि जयंतीच्या मिरवणुकांत आज जो खर्च होतो तो पाहता, विवाहविधी साधा असावा हा बाबासाहेबांचा आग्रह आपण कोठे ठेवला, असा प्रश्न पडतो, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

या विचाराची साक्ष खानदेशच्या दक्षिण सीमेवरील डोंगरात उभी आहे. अजिंठ्याची लेणी ज्या वाघोरेच्या वळणावर आहेत ती नदी पुढे वाघूर या नावाने जामनेर तालुक्यातून वाहत तापीला मिळते. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कड्यात पितळखोरे आहे. तेथील लेखांत पैठणचा मितदेव हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आढळतो, राजवैद्य मगिल आढळतो, आणि एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत पाण्याच्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि लेणे दान करावे तशीच पोढी दान केल्याचे लेख आहेत. कोरड्या पठारावर डोंगर कोरून पावसाचे पाणी साठविणे हे त्या काळी पुण्यकर्मांत गणले जाई. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात उपवने लावणाऱ्या, पूल बांधणाऱ्या, पाणपोया घालणाऱ्या आणि विहिरी देणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. अशोकाच्या लेखांत रस्त्याकडेला वड, आमराया आणि विहिरी येतात. ही कर्मे सार्वजनिक आहेत. विहीर कोणासाठी, याला तेथे जातीची अट नाही.

मधल्या दीड हजार वर्षांचा वृत्तान्त येथे देणे शक्य नाही. इंग्रजी अमदानीत दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशची काळी जमीन मँचेस्टरच्या गिरण्यांना जोडली गेली. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि सातपुड्याच्या लाकडाला मागणी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले आणि तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारा भिल्ल-पावरा आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत बाजार होता, रेल्वे होती, आणि तरीही माणसे मेली. ज्याच्याजवळ विकत घेण्याची ऐपत नाही त्याला रेल्वेने आणलेले धान्य दिसते, मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर फडांना उतरती कळा लागली. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, त्यामुळे बंधाऱ्यांपर्यंत येणारा नैसर्गिक प्रवाह घटला. विजेचे पंप आले. ज्याच्या शेतात विहीर त्याला पंचांची गरज उरली नाही. फडात एकच पीक हा नियम मोडला आणि नियम मोडला तशी गाळ काढण्याची सामाईक जबाबदारीही गेली. काही ठिकाणी बंधारे अजून चालतात, परंतु पूर्वीचा धाक नाही.

तापीच्या उत्तरेला याहून मोठे स्थित्यंतर झाले. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गाळाचे खोल थर आहेत. त्यांत साठलेल्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, देशभर तिची ख्याती झाली, हजारो मजुरांना काम मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण केळी हे वर्षभर पाणी मागणारे पीक आहे. रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या शासकीय मूल्यमापनांत अतिशोषित गटात गणले गेले. विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या, कूपनलिका दरवर्षी अधिक खोल गेल्या. ठिबक सिंचनाने एका झाडाला लागणारे पाणी कमी झाले खरे. पण वाचलेले पाणी जमिनीत न राहता आणखी बागेला गेले, तर एकूण उपसा कमी होत नाही. अग्गञ्ञ सुत्तातील चौथ्या प्राण्याने आठ दिवसांचा तांदूळ नेला, येथे पुढील पिढ्यांचे पाणी नेले जाते. आणि खोल कूपनलिका खोदण्याची ऐपत नसलेल्याची उथळ विहीर आधी आटते. तुटवडा सर्वांचा असला तरी तो सर्वांच्या दारी एकाच दिवशी येत नाही.

भूमिहीनांनी या काळात काय केले? १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा जो सत्याग्रह झाला त्याचे एक मुख्य क्षेत्र खानदेश होते. पडीक आणि गायरान जमिनी कसण्यासाठी द्या, ही मागणी घेऊन बौद्ध, भिल्ल आणि अन्य भूमिहीन स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. ६ डिसेंबर १९६४ पासूनच्या देशव्यापी सत्याग्रहात याच मागणीला व्यापक रूप आले. १९७२ च्या सुमारास तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा भागात, जो १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या हिरावलेल्या जमिनींचा लढा उभारला. त्याच दुष्काळाच्या खाईतून रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांवर भूमिहीनांनी, विशेषतः स्त्रियांनी, खडी फोडली. त्यांच्या घामाने अडलेले पाणी मात्र ज्याची जमीन तलावाखाली त्याच्या विहिरीत उतरले.

या विसंगतीवर महाराष्ट्रातच एक उत्तर शोधले गेले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ पासून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीला न देता माणसाला द्यावयाचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस घ्यावयाचा नाही. पुढे सांगली जिल्ह्यात तांदूळवाडी येथे लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणातही भूमिहीनांचा वाटा मान्य झाला. फड पद्धतीत जो दोष आम्ही दाखविला तो दूर करण्याची ही दिशा आहे. दुर्दैवाने २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्था आणल्या त्या पुन्हा जमीनधारकांच्याच. रोहिणीच्या दुसऱ्या काठावरची माणसे कायद्याला अजूनही दिसलेली नाहीत.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या कोकणा आदिवासींच्या पाड्याने मात्र निराळा अनुभव दिला. उजाड झालेले सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावाने १९९० च्या दशकात स्वतःहून राखावयास घेतले, तोडीवर दंड बसविला, डोंगरउतारावर पाणी अडविले. विहिरींना पाणी आले. गावाचे चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. येथे संयम होता, पण तो वरून शिकविलेला नव्हता. ज्यांनी तोड थांबविली त्यांच्याच पदरात पाणी आणि वनोपज पडले. साध्या राहणीचा उपदेश आणि हा अनुभव यांतील अंतर हेच आहे, आणि आमच्या मते निर्णय करावयाचा तो यावरून.

मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गाळथरांत मुरविण्याची ही योजना आहे. १९४५ साली कटक येथे बोलताना बाबासाहेबांनी नदीचे पाणी हे संकट न मानता लोकांची संपत्ती मानावे, ते साठवून वापरात आणावे अशी भूमिका घेतली होती. त्या दृष्टीने अशा योजनेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. जमिनीत मुरलेले हे सार्वजनिक पाणी पुन्हा ज्याची कूपनलिका खोल त्याचेच होणार काय, हे करारावर सही करणाऱ्यांना विचारले पाहिजे, आणि ते रावेर-यावलच्या शेतमजुरांनी विचारावे.

साक्री आणि धुळे तालुक्यांत फडाच्या नियमांची आठवण असलेले वृद्ध पाटकरी व जागले आता थोडेच राहिले असतील. पंचांच्या वह्या, धान्यरूपी मोबदल्याचे हिशेब, गाळ काढण्यास कोणत्या वस्तीतून माणसे येत आणि त्यांना काय मिळे याच्या आठवणी, हे सर्व लिहून घेण्याचे काम त्या भागातील विहारांशी संबंधित तरुणांना सहज करता येईल. जमीनधारकांच्या आठवणी पुष्कळांनी नोंदविल्या आहेत. कालव्याच्या वरच्या अंगाला ज्यांची घरे होती, त्यांच्यापासून आरंभ करावा.